दोघांत एक सायकल

ट्रायल्सच्या, म्हणजे अडथळ्यांवर उड्या मारत चढायच्या सायकलला सीट नसते. हे कळल्यावर माझ्या नवऱ्याने कोचला विचारलं होतं, "मग दमल्यावर बसायचं कुठे?" कोच हसली. "सार, बसायचंच नाही. सगळा वेळ उभं." त्यांनी मान डोलावली. ऑफिसात नवा नियम आला की ते अशीच मान डोलावतात. त्या वेळी मला वाटलं, चला, पटलं यांना.

मुलगी शिकायला बंगळूरला गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. अड्यारच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं आणि सासूबाई एवढेच उरलो होतो. मी शाळेत गणित शिकवते, ते नुंगंबाक्कमला एका विमा कंपनीत आहेत. संध्याकाळी तिघंही आपापल्या खोलीत असायचो आणि पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू यायचा. एका रविवारी आम्ही बेझंट नगरच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो, तेव्हा रस्त्याच्या कडेला एक तरुणी सायकलवर उभी दिसली. ती सायकल चालवत नव्हती. दोन्ही पाय पेडलवर, सायकल जागच्या जागी, आणि ती आरामात कुणाशी तरी बोलत होती. मग तिने ब्रेक आवळले, गुडघ्यात वाकली आणि सायकलसकट उडी मारून कट्ट्यावर गेली.

शाळेत असताना सांगलीत मी दिवसभर सायकलवर असायची. लग्न होऊन इथे तमिळ मुलखात आल्यावर सायकलला हात लावला नव्हता. मी सरळ त्या मुलीकडे गेले आणि विचारलं, की माझ्या वयाचं कुणी हे शिकतं का. "तुम्ही या अक्का," ती म्हणाली, "मग बाकीचेही येतील." तरमणीच्या बाजूला एका बंद कारखान्याच्या आवारात ती रविवारी सकाळी शिकवायची.

घरी येताना मी यांना सांगून टाकलं, "आपण दोघं जाऊ या."

खरं तर मला एकटीने जायची लाज वाटत होती. सगळी कॉलेजची पोरं आणि त्यांच्यात चाळिशी उलटलेली एक बाई. नवरा बरोबर असला की लोकांना ते जोडप्याचं हौसेचं काहीतरी वाटेल, असा माझा हिशेब होता. हे मी त्यांना बोलले नाही. "तुमच्याही तब्येतीला बरं," एवढंच म्हटलं.

कोचनेच तिची जुनी सायकल आम्हाला दिली. बुटकी, मागचं टायर जाड, ब्रेक असे की एका बोटाने चाक जागच्या जागी थांबावं. दोन सायकली कशाला, म्हणून एकच घेतली. आलटून पालटून चालवायची ठरली.

पहिला धडा होता नुसतं उभं राहायचा. दोन्ही पेडल एका पातळीत ठेवायची, पुढचं चाक किंचित वळवायचं, ब्रेक हलका धरायचा आणि गुडघे सैल सोडायचे. ऐकायला सोपं वाटतं. मी मात्र पुन्हा पुन्हा एका बाजूला कलंडायची आणि पाय टेकायची. मला सारखं चाकाकडे बघायची सवय होती. "कीळे पाक्कादींगा अक्का," कोच ओरडायची. खाली बघू नका. मी वर बघायची आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा खाली.

यांना ते लगेच जमलं. दुसऱ्याच रविवारी हे सायकलवर उभे राहिले ते उभेच. पोट थोडं सुटलेलं, हेल्मेटखाली चष्मा, आणि नजर समोरच्या चिंचेच्या झाडावर. कॉलेजची मुलं आपल्या सायकली सोडून बघायला आली. "सार, कसं जमतं?" एकाने विचारलं. हे म्हणाले, "मी काही करत नाही. सायकलला जिकडे जायचं असेल तिकडे थोडं जाऊ देतो आणि परत बोलावतो."

मला त्यांनीच शिकवलं. संध्याकाळी गच्चीवर सायकल घेऊन जायचो. हे हँडलला हात न लावता समोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "माझ्याकडे बघ. चाक कुठे पळून जात नाही." वीस-बावीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांकडे इतका वेळ सलग बघितल्याचं मला आठवत नाही. असंच एका संध्याकाळी मी उभी राहिले. शेजारच्या गच्चीवर कपडे काढणाऱ्या बाईने टाळ्या वाजवल्या, आणि यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

पुढे उड्या सुरू झाल्या आणि सगळं उलटं झालं.

उडीसाठी दोन्ही ब्रेक घट्ट आवळायचे, अंग खाली दाबायचं आणि पायांनी सायकल वर ओढून घ्यायची. त्यानंतर पुढचं चाक उचलून मागच्या एका चाकावर उभं राहायचं आणि तिथेच टुणटुण उड्या मारत तोल राखायचा. मागच्या चाकावर असताना एक क्षण ब्रेक सोडून पेडलला अर्धा हिसका द्यावा लागतो. त्या क्षणी सायकल आपल्या ताब्यात नसते. मला तो क्षण आवडायला लागला. कोच "विडुंगा, विडुंगा!" ओरडायची, सोडा, सोडा, आणि मी सोडायची. पडायची, उठायची, पुन्हा सोडायची. हे ब्रेक सोडायचेच नाहीत. त्यांची बोटं लिव्हरवर पांढरी पडलेली मी पाहिली होती. पाहिली होती, हे मला नक्की आठवतं.

हळूहळू ते आपली पाळी मला देऊ लागले. "तू घे, तुझं जमत आलंय." मी घ्यायची. एकदाही "राहू द्या, तुम्हीच करा" म्हटलं नाही.

त्या रविवारी कोचने काँक्रीटची एक लादी मांडली होती, घोट्याच्या जरा वर येईल एवढी. आधी पुढचं चाक तिच्यावर चढवायचं, मग उडी मारून मागचं. माझी उडी दोनदा जमली होती आणि तिसऱ्यांदा करायला मी उतावीळ झाले होते. मध्ये यांची पाळी आली. त्यांनी पुढचं चाक व्यवस्थित लादीवर ठेवलं आणि तिथेच थांबले. पुढचं चाक वर, मागचं खाली, आणि हे मधे अगदी स्थिर. ऊन चढायला लागलं होतं. सगळे वाट बघत होते.

"अहो," मी म्हणाले, "तिथे काय बस येणार आहे का? मारा की उडी!"

कुणाला मराठी कळली नाही, तेव्हा मी तेच तमिळमध्ये पुन्हा सांगितलं. सगळे हसले. कोचही हसली. हेसुद्धा हसले आणि त्यांनी उडी मारली.

मागचं चाक लादीच्या कडेला आपटून घसरलं. त्यांनी उजवा हात जमिनीला टेकवला. तो आवाज फार मोठा नव्हता.

हॉस्पिटलला जाताना ऑटोत त्यांनी हात छातीशी धरला होता आणि चेहरा घामाने भिजला होता. मी काहीतरी बडबडत होते, डॉक्टर, एक्स-रे, असलंच. मध्येच ते म्हणाले, "तुझी पाळी राहिली." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी बाहेर बघायला लागले.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर कोपरापर्यंत आलं. घरी दार उघडल्या उघडल्या सासूबाईंनी विचारलं, "अगो, काय होलं रे हे?" त्यांची मराठी तंजावरची, 'झालं'ला 'होलं' म्हणणारी. लग्नानंतर मला या शब्दाचं फार हसू यायचं. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "जिन्यात पाय घसरला, अम्मा."

सासूबाईंनी प्लास्टरवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळल्या. "तू होतीस म्हणून बरं. एकटा असता तर उचललं कुणी असतं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिण्याचं निमित्त केलं. नवऱ्याने मला वाचवायला आईशी खोटं बोलावं आणि मी ते तसंच राहू द्यावं, हे मला त्या दिवशी फार लागलं. रात्री म्हटलं, "अम्मांना खरं सांगू का?" तर म्हणाले, "कशाला? उगीच ती सायकल विकायला लावेल."

पुढचे आठवडे मी त्यांच्या शर्टाची बटणं लावली, दहीभात कालवून दिला, दाढी केली. ऑफिसात ते डाव्या हाताने टाइप करायचे आणि संध्याकाळी थकून यायचे. सायकल बाल्कनीत जुन्या चादरीखाली होती. ती बघायला नको म्हणून मी कपडे आत वाळत घालू लागले. जेवढी जास्त सेवा करायची तेवढी माझी चिडचिड वाढायची, कारण ते प्रत्येक गोष्टीला "थँक्स" म्हणायचे. एकदा तरी त्यांनी "तुझ्यामुळे झालं" म्हणून ओरडावं, असं मला वाटायचं. ते ओरडले नाहीत.

आणि एका रविवारी मी गेले. टी. नगरला ब्लाउज शिवायला टाकायचे आहेत असं सांगितलं आणि बूट पिशवीत घातले. कोचने आपली सायकल दिली. "सार कसे आहेत?" तिने विचारलं. "बरे आहेत," मी म्हणाले आणि लगेच हेल्मेट चढवलं.

त्या दिवशी मला मागच्या चाकावरच्या उड्या पहिल्यांदा सलग जमल्या. हात ताणलेले, पुढचं चाक माझ्या तोंडासमोर, आणि खाली टुण, टुण, टुण. थांबायची इच्छाच होईना. कुणी बघत नव्हतं, कुणाची पाळी नव्हती, आपली पाळी कुणी मला देत नव्हतं. अंगात इतका हलकेपणा आला की उतरल्यावर मी एकटीच हसले. तेवढ्यात मनात आलं, हे नाहीत म्हणून जमलं. त्यानंतर मला तिथे थांबवेना. मी पाणी न पिताच निघाले.

दुपारी त्यांना वाढताना सलवार जरा वर झाली आणि नडगीवरचं खरचटलेलं त्यांना दिसलं. पेडल लागलं होतं. सासूबाई जेवून आडव्या झाल्या होत्या.

"ब्लाउजवाल्याकडे पेडल होतं का?" त्यांनी विचारलं.

मी पळी खाली ठेवली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. "मला जावंसं वाटलं," मी म्हणाले. "तुमचा हात असा असताना जावंसं वाटलं. आणि फार मजा आली."

ते थोडा वेळ डाव्या हाताने भात गोळा करत राहिले. मग म्हणाले, "एक सांगू? मी पडलो ना, तेव्हा दुखायच्या आधी पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटलो."

"म्हणजे?"

"मला उभं राहायला आवडायचं. ते छान होतं. पण उड्यांची मला भीती वाटायची. शनिवारी झोप लागायची नाही."

"सगळा वेळ?"

"उड्या सुरू झाल्यापासून."

मला एकदम राग आला. "मग सांगितलं का नाहीत? मी काय जबरदस्ती केली होती?"

"नाही," ते म्हणाले. "पण तू चल म्हणालीस. येता का, असं विचारलं नाहीस."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. तेच का, मला मागचंही आठवायला लागलं. मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, दिवाळीला सांगलीला जायचं की नाही, फ्लॅट अड्यारलाच घ्यायचा, सगळीकडे मी 'चला' म्हटलं होतं आणि हे मान डोलावून आले होते. मी त्याला त्यांचा समजूतदारपणा म्हणायची. मैत्रिणींना कौतुकाने सांगायची.

त्या दुपारी मी सासूबाई उठल्यावर त्यांना खरं सांगितलं, मी केलेल्या थट्टेसकट. त्या रागावतील म्हणून मी तयार होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लहानपणापासून तो तसाच. नको म्हणायला येतच नाही त्याला. मीच शिकवलं नाही." नंतर दोन दिवस त्या माझ्याशी कमी बोलल्या.

प्लास्टर निघालं. फिजिओथेरपी झाली. मनगट बरं झालं, पण पूर्ण वळत नाही. रविवारचे डोसे आमच्याकडे हे करायचे, पीठ तव्यावर ओतून पळी गोल फिरवत कागदासारखा पातळ डोसा. आता तो एका बाजूला जाड राहतो. ते म्हणतात, चवीला तोच आहे. मी खाते. प्रत्येक वेळी माझं लक्ष त्या जाड बाजूकडे जातं.

मी सायकल सोडली नाही. सोडून दिली असती तर बरं दिसलं असतं, हे मला कळतं. दोनदा ठरवलंही होतं. पण रविवारी पहाटे जाग येते आणि पाय आपोआप बूट शोधतात. आता मी विचारते मात्र. कुठलीही गोष्ट असो, विचारते, आणि ते "हो" म्हणाले की मला विश्वास बसत नाही, म्हणून पुन्हा विचारते. ते वैतागतात. "किती विचारशील?" म्हणतात.

गेल्या महिन्यात कोचने शिकणाऱ्यांच्या घरच्यांना मैदानावर बोलावलं होतं. कसरती बघायच्या आणि नंतर इडली-वडा. मी शनिवारी यांना विचारलं, "येता का? यायलाच पाहिजे असं नाही."

ते पेपर वाचत होते. पेपर खाली करून त्यांनी जरा विचार केला. "नको," म्हणाले. "ती लादी बघायला नको वाटतं. तू जा."

ते पुन्हा पेपर वाचायला लागले. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. त्यांनी मला बघावं असं मनात होतंच. तरी मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सकाळी त्यांचं दार हलकेच ओढून घेतलं, सायकल लिफ्टमध्ये उभी केली आणि एकटी खाली उतरले.