गोफणीचा नेम आणि चष्म्यातली भुतं

डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवण्याआधी गॅलरीचं दार लावून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत चष्म्यासोबत आलेल्या पुस्तिकेत नसेल. (असेलही. ती पुस्तिका आमच्या घरात अजून कोणी उघडलेली नाही.) पण व्हीआर आणि बंदुकीचे खेळ या विषयावर बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे, कारण मी जुनी खेळाडू आहे. पन्नाशी ओलांडल्यावर, हातात काचेच्या बांगड्या घालून भुतांवर गोळीबार केलेली बाई अमरावतीत माझ्याशिवाय दुसरी असेल तर तिने मला जरूर भेटावं. आपण चहा घेऊ आणि एकमेकींची समजूत काढू.

माझ्या नेमबाजीची सुरुवात अकोटजवळच्या आमच्या गावात झाली. तेव्हा शेतात जवारी असायची. (आता सगळीकडे सोयाबीन. सोयाबीनवर पोपट येत नाहीत, आणि आले तरी त्यांना पाहायला मचाण नाही.) कणसं भरली की शाळेतून सुटून मी आणि माझा मोठा भाऊ, दादा, थेट मचाणावर. त्याच्या हातात गोफण, माझ्या हातात गोफण, फ्रॉकच्या ओच्यात खडे, आणि खाली बांधावर आबा, म्हणजे आमचे वडील. आबांचा एकच नियम होता.

"पाखराले खडा लागला नाई पायजे. त्याले फक्त समजलं पायजे का इथं कोनी हाय."

म्हणजे नेम धरायचा तो चुकवायलाच! पोपटांच्या थव्यापासून हातभर बाजूला खडा पडला पाहिजे, गोफणीचा फटका कडाडला पाहिजे, आणि सगळा थवा एकदम उठून शेजाऱ्याच्या वावरात गेला पाहिजे. (शेजाऱ्याचं काय? त्याच्याही मचाणावर पोरं होतीच. तो थवा परत आमच्याकडे यायचा. दिवसभर हेच.) या कामात मी दादापेक्षा सरस होते. हे दादा कधीच कबूल करायचा नाही, आणि म्हणूनच मला ते इतकं पक्कं आठवतं.

पुढे एका वर्षी कापूस चांगला पिकला आणि दादाने अकोल्याहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. सोबत प्लास्टिकची बंदूक. पडद्यावर गवतातून बदकं उडायची आणि आपण बंदुकीने ती टिपायची. आख्खी आळी आमच्या ओसरीत जमली. मोठ्या मानाने पहिली बंदूक माझ्या हातात आली, कारण नेम माझा! मी श्वास रोखला, बदकाच्या हातभर बाजूला नेम धरला आणि चाप ओढला. बदक उडून गेलं. दुसरं आलं, तेही उडालं. एकूण एक बदकं मी सुखरूप घरी पाठवली. खेळाने मला नापास केलं, पोट्टे हसून हसून लोळले, आणि खाटेवर बसलेल्या आबांनी एकट्यांनी टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास पोरी! सारे उडवले!"

बंदुकीच्या खेळांबद्दल माझी जी काय मतं आहेत ती त्या ओसरीवरच तयार झाली. हे खेळ बनवणाऱ्या माणसांनी आयुष्यात कधी राखण केलेली नाही. त्यांना फक्त मारता येतं, हाकलता येत नाही.

आता आबा नाहीत. गेल्या वर्षी माझी वहिनीही गेली. दादाचा मुलगा पुण्यात, शेत बटाईनं दिलेलं, आणि दादा त्या गावच्या घरात एकटा, स्वतः भाकरी थापून खाणारा. मला ते पाहवत नव्हतं. भाऊबीजेला तो अमरावतीला आला तेव्हा मी ठरवूनच टाकलं की याला निदान हिवाळाभर तरी सोडायचं नाही. पण दादाचं मन लागेना. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत तो दिवसभर हात मागे बांधून उभा राहायचा.

"काय पाहून राहिला, दादा?"

"काई नाई. इथं हाकलावं तं कोनी येतबी नाई."

रोज सकाळी चहासोबत त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "नंदे, मी आता जातो." आपल्याकडे निघणारा माणूस 'येतो' म्हणतो. दादा 'जातो' म्हणायचा, आणि ते ऐकलं की माझा चहा गार व्हायचा. वानरं छपराची कवेलू फोडतील म्हणून जातो. बोअरची मोटर बंद पडली असेल म्हणून जातो. एकदा तर, कुलपाला गंज चढला असेल म्हणून जातो!

माझा मुलगा तेजस घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो. मामाचं मन रमावं म्हणून त्याने मित्राकडून तो व्हीआरचा चष्मा मागून आणला. दादाने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि बैलाच्या झापडेकडे पाहावं तसं पाहून टीपॉयवर ठेवून दिला.

आणि एका सकाळी दादाने वाक्य म्हटलंच नाही. सरळ पिशवी भरून दाराशी आणून ठेवली. अकोटच्या एसटीची वेळ झाली होती, ऑटोला फोन झाला होता. आज हा गेला की परत येणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"मामा, जायच्या आधी एकदा तरी पाहून घ्या ना," तेजस म्हणाला. "भुतांचा गेम आहे, भारी आहे."

"मले नाई पाह्यनं भुतं. आमच्या गावात काय कमी हायेत?"

"मग मी खेळते!" मी म्हणाले. दादाला अजून थोडा वेळ अडकवून ठेवायला मला दुसरं काही सुचलं नाही. "दादा, पाय तं खरं, तुयी बहीण कशी खेळते!"

तेजसने चष्मा माझ्या डोळ्यांवर बांधला, दोन्ही हातांत खेळ चालवायच्या दोन मुठी (म्हणजे कंट्रोलर) दिल्या. त्या मुठींना मनगटात अडकवायचा पट्टा होता, पण माझ्या बांगड्या त्यात गुंतायला लागल्या. "राहू दे तो पट्टा," मी म्हणाले. (या वाक्याकडे वाचकांनी लक्ष द्यावं.) मला जे दिसत होतं तेच दादाला टीव्हीवर दिसेल अशी सोय तेजसने करून दिली, आणि खेळ सुरू झाला.

मी डोळे उघडले. मी एका उंच लाकडी माळ्यावर उभी होते. खाली चहूकडे कमरेएवढं पिवळं गवत, वारा सुटला की लाटा उठत होत्या.

"दादा! मचाण!"

"दिसून राहिलं," मागून आवाज आला. खुर्ची सरकल्याचाही आवाज आला.

मग गवतातून भुतं निघाली. हिरवट तोंडाची, फाटक्या कपड्यांची, झोकांड्या खात येणारी. मी बंदूक उचलली, श्वास रोखला आणि पहिल्या भुताच्या हातभर बाजूला गोळी झाडली.

भूत उडालं नाही.

मी दुसऱ्याच्या बाजूला झाडली. तेही येतच राहिलं.

"आई, काय करून राहिली? त्याले लागली नाही!"

"लागू द्यायची नसते रे!"

"कोनी सांगितलं? डोक्यात मार ना!"

पण पन्नास वर्षांच्या हाताला डोकं कसं सापडणार? त्याला शिकवणच वेगळी! मी उजवीकडे चुकवली, डावीकडे चुकवली, एकदा तर दोन भुतांच्या बरोबर मधून काढली. (हा नेम मारण्यापेक्षा अवघड असतो. तेजसला त्याची किंमत नाही.) शेवटी मी बंदूक खाली केली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "हाऽऽय! हुर्रर्र! होऽऽय!"

भुतांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"नंदे, डावीकून! डावीकून पाय, मोठा थवा आला!" हा दादा होता. बसून नव्हता, उभा होता, आणि त्याचा आवाज पार बांधापर्यंत जाईल असा होता. "हाऽऽय! अवं, हे तं हलूनच नाई राहिले! काय बेशरम हायेत बापा!"

"आई, गोळ्या संपल्या. भरून घे!"

"कुठून भरू?"

"बटन दाब, खालचं!"

"खालचं म्हणजे कोणतं?"

एक भूत शिडीला लागलं. दुसरं त्याच्या मागे. मी घाबरून मागे सरकले, टीपॉय पडला, त्यावरची फुलदाणी फुटली, तेजस ओरडला, आणि या सगळ्या गोंधळात दादाचा आवाज आला.

"नंदे! गोफन काढ! गोफन!"

आणि मी काढली! विचार केलाच नाही. उजवा हात आपोआप डोक्यावर गेला आणि फिरू लागला. पहिल्या फेऱ्यात भिंतीवरचं कॅलेंडर गेलं. दुसऱ्या फेऱ्यात तेजस खाली बसला. तिसऱ्या फेऱ्यात मी, गोफणीचं एक टोक सोडावं तशी, मूठ उघडली.

कुठेतरी दूर धडाऽऽम आवाज झाला. वा, काय आवाजाची करामत आहे, मला वाटलं. मग पाहते तो काय, भुतांच्या गावात माझा उजवा हात गायब! खाली दूर, जमिनीच्याही खाली, एकटाच पडलेला दिसत होता. आणि त्याच वेळी खऱ्या रस्त्यावरून खरी आरोळी आली.

"अबे, वरून बम फेकून राहिले रे!"

पाठोपाठ ऑटो चालू झाल्याची फरफर, आणि ती लांब लांब जात नाहीशी झाली.

मी चष्मा काढला. गॅलरीचं दार सताड उघडं होतं. मूठ त्यातून बाहेर जाऊन खाली पार्किंगच्या टिनाच्या छपरावर आदळली होती. आणि टिनाला लागूनच दादाला न्यायला आलेला ऑटो उभा होता. म्हणजे, होता.

तेजस डोकं धरून बसला होता. दादा गॅलरीत होता, माझ्याकडे पाठ करून, कठडा धरून. त्याचे खांदे हलत होते. वहिनी गेली तेव्हाही हा माणूस रडला नव्हता, आणि आता मी असलं काहीतरी करून त्याला रडवलं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, चुकलं माझं..."

तो वळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने तो हसत होता.

"लागला नाई, नंदे! हातभर बाजूले पडला! बरोबर हातभर!" त्याने गमछ्याने डोळे पुसले. "अन् उडाला पाय ऑटो! आबा असते तं टाळ्या वाजवल्या असत्या."

मग मात्र मीच रडले. आम्ही बहीण-भाऊ दोघं गॅलरीत उभे राहून हसतोय आणि रडतोय, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू मान वर करून विचारताहेत, "काय झालं, सारं ठीक आहे ना?" त्यांना काय सांगणार?

"मामा, दुसरा ऑटो बोलावू?" तेजसने विचारलं.

"आता कोनता ऑटोवाला येते इथं?" दादा म्हणाला. त्याने दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. बाहेर येऊन खुर्चीत बसला आणि हात पुढे केला. "आन थो चष्मा इकडं."

(मूठ वाचली. तिला एक तडा गेला होता. तेजसने मित्राला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.)

त्या दिवसापासून दादा रोज दुपारी मचाणावर जाऊ लागला. गॅलरीचं दार बंद करून! बंदूक त्याने एकदाही चालवली नाही. तो नुसता ओरडायचा. भुतं रोज शिडी चढून त्याला खायची, आणि तो चष्मा काढून शांतपणे म्हणायचा, "उद्या पाह्यतो याईले. आज ना उद्या समजन का इथं कोनी हाय." मी बाजूला बसून तुरीच्या शेंगा सोलायची आणि डावीकडचा थवा दाखवून द्यायची.

संक्रांतीच्या सुमारास गावाकडची तूर सोंगायला (म्हणजे कापायला) आली. बटाईवाल्याचा फोन आला आणि दादाने पिशवी भरली. दारात चपला घालताना तो म्हणाला, "नंदे, येतो मी. तूर घरात पडली का येतोच. तोवर त्या भुतायवर ध्यान ठेवजो." मी त्याच्या पिशवीत तिळाच्या लाडवांचा डबा कोंबला.

तेजसने ऑटोला फोन लावला. पत्ता सांगितला. मग स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"येतो ना भाऊ, काऊन नाई येनार? पन आधी मावशीले आतल्या खोलीत बसवा, अन् गॅलरीचं दार लावून घ्या."

तेव्हा सुरुवातीला जे माझं म्हणून स्पष्ट मत सांगितलं, ते खरं तर त्या ऑटोवाल्याचं आहे. माझं मत विचाराल तर ते अजूनही दार उघडं ठेवावं असंच आहे. दादा कधी लवकर निघायचं म्हणाला तर नेम धरायला बरं पडतं.