मावशींनी वाचलेली सात पत्रं

कपडेपटातल्या मावशी गेल्या तेव्हा त्यांच्या उशाशी ग्रंथालयाचं एक पुस्तक होतं, अर्धं वाचून झालेलं. ते परत करायला मी गेलो. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "दर शनिवारी यायच्या. चांगल्या शिकलेल्या होत्या ना हो त्या?"

"होत्या," मी म्हणालो.

कुठे शिकल्या, ते बाईंनी विचारलं नाही. म्हणून इथे सांगतो.

आमच्या नाटक कंपनीत दोनच माणसांना प्रत्येक नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ असे. एक प्रॉम्प्टर, कारण त्याच्या हातात वही असायची. आणि दुसऱ्या मावशी, ज्यांना ती वही उलटी धरली आहे की सुलटी हेही कळत नसे. हातावर कोट टाकून त्या विंगेत उभ्या राहायच्या आणि चार वाक्यांच्या अवधीत शिपायाचा सेनापती करून माणूस परत रंगमंचावर ढकलायच्या. एखादा नवखा नट अडला, तर दातांत दोरा धरूनच त्याचं पुढचं वाक्य त्याच्याकडे फेकायच्या. मला सगळे 'राजे' म्हणत. उंची आणि आवाज सोडून माझ्याकडे फारसं काही नव्हतं, आणि राजाच्या भूमिकेला तेवढं पुरतं.

मावशींचा नवरा लवकर गेला. मुलगी सहा वर्षांची असताना त्यांनी तिला नणंदेकडे ठेवलं आणि त्या एकट्याच कंपनीबरोबर गावोगाव फिरत राहिल्या. दोन वर्षांसाठी ठेवलेली मुलगी तिथेच वाढली, तिथूनच लग्न होऊन लांब गेली. तिकडून तिचं पहिलं पत्र आलं, तेव्हा मावशींनी आधी साबणाने हात धुतले आणि मग पाकीट माझ्यापुढे धरलं.

"राजे, तुमचा आवाज चांगला आहे. तुम्हीच वाचा."

पत्र पाच ओळींचं होतं. मी बरी आहे. लग्नात तू पाहुण्यासारखी बसलीस आणि निघून गेलीस. मला एकच विचारायचं आहे. मला आत्याकडे का टाकलंस? खरं कारण कळव.

मी मान वर केली. मावशी इस्त्री बाजूला ठेवून, पदर सारखा करून बसल्या होत्या. एखादी बाई नाटकाला पहिल्या रांगेत बसावी तशा. त्या चेहऱ्याकडे बघून मला त्या पाच ओळी म्हणवेनात. मी माझ्या मनाने बोलू लागलो. तुझी आठवण येते, तुझ्या हातची शिवण इथे सगळ्यांना दाखवते, तब्येतीला जप. पानभर बोललो. मावशी रडल्या, हसल्या, म्हणाल्या, "पुन्हा एकदा." मी पुन्हा बोललो. शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तेवढी सवय होती.

मग त्यांनी उत्तर सांगितलं आणि मी ते लिहिलं. तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं, वगैरे.

असं तीन वर्षं चाललं. सात पत्रं आली. सहा पत्रांत तोच प्रश्न होता. सातव्यात होतं, 'सहा वेळा विचारलं. आता विचारणार नाही.' ते मी असं वाचलं: 'सध्या कामाची गडबड आहे, पत्राला उशीर होईल.'

त्यानंतर पत्र आलंच नाही. वर्ष उलटलं. टपाल थिएटरच्या पहारेकऱ्याकडे यायचं; मावशी रोज त्याच्याकडे चौकशी करत. मग एक दिवस व्यवस्थापकाकडून त्यांनी एका जुन्या नाटकाची फाटकी वही मागून आणली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"नवीन पत्र येत नाही, तर जुनीच वाचायला शिकावं म्हटलं. दरवेळी तुमचा घसा कशाला झिजवू?"

त्यांची युक्ती साधी होती. नाटक तोंडपाठ होतं, म्हणजे कागदावर काय लिहिलं आहे ते ठाऊक होतं. कुठलं चिन्ह कुठल्या आवाजाचं, एवढंच शोधायचं होतं. पहिलं वाक्य "कोण आहे तिकडे?" असं होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी 'क' धरला आणि दुपारभर पानापानांवर त्याला हुडकला. दुसऱ्या दिवशी 'ण'. शिंप्याच्या खडूने जुन्या काळ्या पडद्याच्या मागच्या बाजूला अक्षरं गिरवायच्या. कपड्यांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या. 'सेनापती'. 'भिकारी'. 'राजे, पोट सुटलं आहे, कंबरेत ढिला केला'. सगळी कंपनी हसली. मीच जास्त हसलो.

तिसऱ्या अंकात मात्र गाडी अडली. आठ दिवस त्या एकाच पानावर. शेवटी वही घेऊन माझ्याकडे आल्या, चेहरा पडलेला.

"माझी अक्षरं चुकली बहुतेक. तुमचं ते लांबलचक भाषण काही केल्या जुळत नाही."

मी पान पाहिलं आणि खो खो हसलो. "अक्षरं बरोबर आहेत, मावशी. मीच चुकतो. सत्तर प्रयोग झाले, ते भाषण मी माझ्या मनाने ठोकतो."

"म्हणजे कागदावर एक आणि तोंडात एक?"

"टाळी पडते ना!"

त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या, वही मिटली आणि गेल्या. माझ्या ध्यानात आलं नाही. टाळीची सवय लागलेल्या माणसाला शांततेचा अर्थ उशिरा कळतो.

छापल्यासारखी नेटकी लिहिलेली वही वेगळी आणि मुलीचं किरटं अक्षर वेगळं. त्याला त्यांना आणखी चार महिने लागले. एका दुपारी त्यांनी मला कपडेपटात बोलावलं. इस्त्रीच्या टेबलावर सातही पत्रं ओळीने मांडलेली होती.

"बसा, राजे. आज मी वाचते, तुम्ही ऐका."

त्यांनी सातवं पत्र वाचलं. एकेक अक्षर जोडत, अडखळत, पण जसं होतं तसं. मग सहावं. मग पाचवं. पहिल्या पत्रापर्यंत पोहोचल्या तेव्हा मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो.

"मावशी, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"इथे टाळी कोण देणार होतं, राजे?"

मी पहिल्या पत्राला हात लावला. त्यांनी ते आपल्याकडे ओढलं.

"वाईट वाटू द्यायचं होतं. तिनं विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर होतं." त्यांनी समोरच्या पेटीवर हात ठेवला. "पोरीला दमा होता. या पेट्यांतली धूळ नाकात गेली की निळी पडायची. डॉक्टर म्हणाले, या कपड्यांत ठेवाल तर हातची जाईल. आणि मला तर हेच एक काम येत होतं. नणंदेचं घर मोकळं, हवा चांगली."

"हे तिला कधी सांगितलं नाहीत?"

"तिनं कधी विचारलंच नाही, असं मला वाटत होतं ना!"

मी म्हणालो, आत्ता लिहू, मी लिहून देतो, सगळा दोष माझ्यावर घेतो.

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही सुरेख लिहाल."

पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. आधी खडूने पडद्यावर, मग कागदावर. नऊ दिवस लागले. अकरा ओळी झाल्या. पत्ताही स्वतः लिहिला, टपालपेटीत स्वतः टाकून आल्या. त्या दिवशी त्यांची चाल मी पाहिली. शाळेतून पहिल्यांदा एकट्याने घरी आलेल्या मुलीसारखी.

तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. मी तिथेच होतो. सवयीने हात पुढे केला. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं नाही. चष्मा लावला आणि पोस्टमनने पेनाने लिहिलेलं वाचलं. "या पत्त्यावर आता कोणी राहत नाही. कुठे गेले, माहीत नाही."

नणंद वारली होती. विचारायला दुसरं घर नव्हतं.

पाकीट त्यांनी टेबलावर ठेवलं, त्याचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला. इस्त्री गरम होत होती.

"वाचता आलं नसतं, तर आज मी सुखात असते, नाही?"

"हो, मावशी."

"पण ते तुम्ही रचलेलं सुख. माझ्या लेकीचं त्यात काहीच नव्हतं. त्या सात चिठोऱ्यांत ती आहे. रागावलेली आहे, पण ती आहे." मग परत आलेल्या पाकिटावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तुम्ही वाचलं असतंत, तर काय वाचलं असतंत?"

"मावशी, नको."

"सांगा हो. एकदाच. आता मला ठाऊक आहे ना, तुमचं आहे ते."

मी उभा राहिलो. घसा साफ केला. "प्रिय आई..."

"ती प्रिय लिहीत नाही," मावशी म्हणाल्या. "नुसतं 'आई' लिहिते. सातही पत्रांत. तेवढं तिचं तसंच ठेवा."

"आई," मी म्हणालो. पुढचं वाक्य मला सुचलं नाही.