कापसाच्या राखणीला सहकुटुंब

मे महिन्यात शहाणी माणसं थंड हवेला जातात. आम्ही नवराबायको मात्र पुण्याहून वडनेर भोलजीला निघालो, माझ्या धाकट्या बहिणीच्या, वंदाच्या कापसाची राखण करायला. ती लग्नानंतर कधी सहलीला म्हणून गेलीच नव्हती. यंदाही अडलं होतं. भाव वाढेल या आशेवर सगळा कापूस घरातच पडून, तो सोडून जायचं कसं? मग मीच सुचवलं, आठवडाभर घरं बदलू. ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला, म्हणजे होकार.

नांदुऱ्याला उतरून दुपारी पोचलो. दार उघडलं तर समोर पांढरी भिंतच, आढ्याला टेकलेली. माजघर, देवघर, सगळीकडे कापूस. वंदा आणि तिचे यजमान पिशव्या भरून ओसरीवर बसले होते.

"ताई, घरात काडी नोको पेटवू. सैपाक आंगनात. अन् भाऊजीले सांग, सिगरेट फाटकाच्या भायेर."

"सांगते. तू सिंहगड बघ, शनिवारवाडा बघ. काही चुकवू नकोस," मी बजावलं. एसटी हलली तरी ती मागे वळून घराकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या अंगाला खाज सुटली. शेजारच्या शबनमभाभी खोबरेल तेल आणि कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) घेऊन आल्या.

"कापूस चावून राह्यला भाऊले," त्या हसल्या. मग खाटेवर टेकल्या. "बीटीचं बियानं आलं तवा अळी गेली म्हनत होते. मंग गुलाबी अळी आली. फवारून फवारून हात टेकले, तवा कुठी एवढा कापूस हाती लागला. हा जळला तं वंदाच्या घरात काय राह्यलं?"

त्यानंतर मला झोप येईना. आम्ही अंगणात खाटा टाकत होतो. वारा फिरला की मला धुराचा वास यायचा, मी उठून दारं हुंगून यायचे. संध्याकाळी पऱ्हाटीच्या (वाळक्या कपाशीच्या) ढिगांमधून शेतापर्यंत फिरायला जायचो. दूर अजिंठ्याच्या डोंगराची निळी रेघ दिसायची. फार सुंदर मुलूख आहे, पण मी अर्ध्या वाटेतून परतायचे. एकदा ह्यांनी धूर पाहून धावत जाऊन बादली ओतली, ती शबनमभाभींच्या चुलीवर. भरताची वांगी विझली. भाभींनी चूल पुन्हा पेटवली आणि भरीत आम्हालाही दिलं.

आठवड्याने वंदा परतली. चेहरा असा टवटवीत, की मी खूशच झाले.

"सिंहगड पाहिलास?"

तिने यजमानांकडे पाहिलं. "रागावू नोको ताई. कुठीच नाही गेली. झोपली."

"आठवडाभर?"

"हाव. पयल्या दिवशी जेवून पडली, थे सांजीलेच उठली. वाटलं, इथं तं काहीच जळत नाही."

आठवड्यापूर्वी हे ऐकलं असतं तर मी तिच्यावर चिडले असते. आता मला रडू आलं. आमचं बोलणं संपायच्या आधीच ती दारापाशी जाऊन वास घेत होती.

पुण्यात घरी आलो. तिने आमच्या चादरी धुऊन घडी घालून ठेवल्या होत्या. मी तिला फोन केला आणि सांगितलं, भाव वाढो न वाढो, पुढच्या मे महिन्यात आम्ही राखणीला येतोय. सिंहगडाचं नाव मी काढलं नाही.