साडूच्या मागे उडताना

माझ्या साडूविषयी चांगलं बोलणाऱ्यांची नागपुरात कधीच टंचाई नव्हती, त्यामुळे ते काम मी करत नाही.

तो दातांचा डॉक्टर. धरमपेठेत दवाखाना, दारात स्कूटर, घरात टेलिफोन. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे नात्याने मी थोरला आणि तो धाकटा. एवढी एक गोष्ट सोडली तर कुठल्याच बाबतीत मी त्याच्या वर नव्हतो, आणि थोरलेपण तरी काय, लग्नकार्यात आहेराच्या वेळी माझं नाव आधी पुकारायचे इतकंच. सासूबाई त्याच्या पोळीवर तुपाची वाटी उपडी करत आणि माझ्या पोळीवर चमचा झटकत. मला ते दिसायचं आणि पोटात दुखायचं. बायको म्हणायची, तुम्ही ताटात पाहा ना, दुसऱ्याच्या पोळीकडे काहून पाहता? पण पाहिलं जायचं.

फक्त एक जागा अशी होती जिथे हा माणूस नव्हता, आणि ती म्हणजे आमची स्क्वाड्रन.

सत्तरच्या दशकात आम्ही नागपूरच्या कडेला वाडीला राहत होतो, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे भाड्याच्या खोल्यांची लांबलचक ओळ होती तिथे. ओळीच्या टोकाला वायुसेनेच्या बिनतारी विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. त्यांना सगळे सार्जंट म्हणत. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांना उडताना कानाने ऐकलं होतं, आणि आता ते ऐकू येत नाही म्हणून त्यांना करमत नव्हतं. भंगाराच्या एका गोदामात त्यांना लष्करी लिलावातले फील्ड टेलिफोन सापडले, हँडल फिरवून घंटी वाजवायचे. त्यांनी छपरांवरून तार ओढली आणि चार घरं एकमेकांना जोडली. एक बोलला की सगळ्यांना ऐकू यायचं. दुसऱ्या कोणी या तारेवर भजनी मंडळ चालवलं असतं. सार्जंटनी लढाऊ हेलिकॉप्टरांची स्क्वाड्रन काढली.

रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही आपापल्या घरी खुर्चीत बसायचो. समोर नकाशा, हाताशी घड्याळ, कानाला रिसीव्हर. डाव्या हाताला ट्रकच्या भंगारातला हँडब्रेक, दोन पायांमध्ये एक दांडा. या दोन्हींना काहीही जोडलेलं नव्हतं. पण उंची वाढवतो म्हणायचं तर ब्रेक ओढायलाच हवा, हा नियम होता, आणि त्याची करकर तारेवर ऐकू आली नाही तर सार्जंट उंची देत नसत. आम्ही दिशा, उंची, वेग सांगायचो. सार्जंट त्यांच्या पलंगावर पसरलेल्या मोठ्या नकाशावर टाचण्या सरकवत आणि कोणाला कोण दिसलं ते सांगत. टेकडीआड दबून राहायचं, झाडांच्या उंचीने पुढे जायचं, शत्रू समोर आला की वर उसळून मारायचं आणि परत खाली. शत्रू म्हणजे आम्हीच एकमेकांचे, आणि ज्याला मार बसला तो पडला. बायका दारातून बघून हसायच्या. आम्हाला हसू येत नसे. रामटेकच्या डोंगरामागे शत्रू लपलेला असताना हसू कसं येईल?

ते नकाशे मी काढले होते. मी सरकारी कचेरीत ट्रेसर होतो, नकाशे उतरवणं हीच माझी भाकरी. पारशिवनी, पेंच, रामटेक, सगळा मुलूख ट्रेसिंगच्या कापडावर मी उतरवला. तार ओढताना शिडी मीच धरली. सार्जंटनंतर सगळ्यात जुना मी. माझ्यानंतर एक ड्रॉइंग मास्तर आले, मग एका गोदामाचा सुपरवायजर. चौथा मिळाला की दोन जोड्या पाडता येतील, प्रत्येक जोडीत एक लीडर आणि त्याच्यामागे एक दोन नंबर, असं सार्जंट म्हणायचे. एका जोडीचा लीडर मी असणार हे मी धरूनच चाललो होतो. मला ते फार हवं होतं. कचेरीत माझ्यावर सात साहेब होते, घरात सासुरवाडी होती. तारेवर तरी कोणीतरी माझ्यामागून यावं एवढीच अपेक्षा.

आणि नेमकी माझी दाढ सुजली.

रविवारी सकाळी गाल असा फुगला की शब्द बाहेर पडेना. बायकोने कोपऱ्यावरच्या दुकानातून बहिणीच्या घरी फोन केला आणि साडू स्कूटरवरून हजर. त्याने दाढ पाहिली, औषध लावलं, तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि सांगितलं, "साडूभाऊ, दोन तास बोलाचं नाही." तेवढ्यात घंटी वाजली. उड्डाणाची वेळ झाली होती.

मी खुणेने सांगितलं की जाऊ दे. पण हा खुर्चीत जाऊन बसलासुद्धा. "साडूभाऊ, तुम्ही लिहून द्या, मी बोलतो." मी पाटीवर दिशा लिहिली, उंची लिहिली. पहिल्या दोन वेळा त्याने वाचलं. नंतर पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ब्रेक ओढत, दांडा फिरवत, घड्याळाकडे बघत तो असा काही बोलू लागला की जणू आईच्या पोटातून हेलिकॉप्टर घेऊनच आला होता. आवाज मुळातच गोड, दात काढताना रोग्याला धीर द्यायची सवय. नदीच्या पात्रातून दबकत दबकत त्याने मास्तरांच्या मागे नेऊन हेलिकॉप्टर उभं केलं. मास्तर पडले. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मागे फिर. त्याने सुपरवायजरलाही पाडलं.

तारेवरून सार्जंटचा आवाज आला, "हा कोण होय गा?"

"मी यांचा साडू," तो म्हणाला.

"तू पुढच्या रविवारी ये."

माझ्या तोंडात कापूस होता. तसा नसता तरी मी काय बोललो असतो कोण जाणे, पण निदान काहीतरी बोललो असतो.

झालं, चौथा मिळाला. धरमपेठेपर्यंत तार काही जाणार नव्हती, तेव्हा पाचवा टेलिफोन माझ्याच घरी लागला. मी पुढच्या खोलीत, साडू स्वयंपाकघरात. दर रविवारी सहकुटुंब यायचा. मधल्या भिंतीतून मला त्याचा आवाज आधी ऐकू यायचा आणि मग तारेवरून. आणखी काय काय ऐकू यायचं. "जवाईबापू, अजून दोन घ्या, गरम आहेत," ही माझी बायको. तो माझ्या घरात, माझ्या नकाशावर, माझ्या बायकोच्या हातची भजी खात उडायचा, आणि एका रविवारी सार्जंटनी जोड्या जाहीर केल्या. पहिली जोडी मास्तर आणि सुपरवायजर. दुसरी जोडी: साडू लीडर, मी दोन नंबर.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी मी सार्जंटच्या घरी गेलो. म्हटलं, मी जुना, वयाने मोठा, नात्याने मोठा, नकाशे माझे. ते चहा ओतत होते. म्हणाले, "हे पाय, लीडर कोणीबी होते. दोन नंबर सापडत नाही. दोन नंबरनं शत्रूले पाहाचं नसते, गावाले पाहाचं नसते, डोंगराले पाहाचं नसते. फक्त लीडरले पाहाचं. तो वळला का वळाचं, तो दबला का दबाचं. लोकाईचं ध्यान भटकते गा. तुयं भटकत नाही."

आता यात माझं कौतुक कुठे होतं ते त्यांनाच ठाऊक. पण ते खोटं नव्हतं. साडूने श्वास घेतला तरी मला कळायचं. तो ब्रेकला हात घालण्याआधी माझा हात ब्रेकवर असायचा. तो डावीकडे वळणार हे त्याच्या आधी मला समजायचं, कारण वर्षानुवर्षं मी त्या माणसाकडे पाहण्यापलीकडे केलंच काय होतं? त्याचं ताट, त्याचे बूट, त्याची स्कूटर, तो हसला की सासूबाई कशा हसतात, सगळं मला पाठ होतं. आम्ही दोघं मिळून कधी पडलो नाही. मास्तर म्हणायचे, यांची जोडी म्हणजे एकच माणूस. मला ती शिवी वाटायची. साडू मात्र खूश, बाहेर येऊन माझ्या पाठीवर थाप मारायचा, "साडूभाऊ, तुमच्याबिगर माझं काही खरं नाही." असं निर्मळ मनाने बोलणाऱ्या माणसाचा राग धरून ठेवायला किती ताकद लागते, ते मला विचारा.

त्या पावसाळ्याच्या शेवटी पारशिवनीकडे कपाशीवर फवारणी करायला एक हेलिकॉप्टर आलं. खरं. त्याचा पायलट सार्जंटच्या ओळखीचा निघाला. सार्जंटनी त्याला आमच्याविषयी सांगितलं असावं. त्याचा निरोप आला: एकाला बसवून एक फेरी मारतो, एकालाच, वजन चालत नाही.

"मग कधी न पडलेला लीडर जाईल," सार्जंट म्हणाले. "स्क्वाड्रनच्या वतीनं."

मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. आम्ही सगळे वर्षभर आंधळ्यासारखे खुर्चीत बसून उडालो होतो, आणि आता डोळ्यांनी पाहायची वेळ आली तर जाणार कोण? ज्याला हेलिकॉप्टरचा ह सुद्धा ठाऊक नव्हता तो. लहानपणी सोनेगावच्या विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून मी उभा राहायचो. तो तेव्हा कुठे होता?

"जेवा ना," बायको म्हणाली. "तोंड काहून फुगवून राहिले?"

"अवं, भूक नाही मले."

"भूक नाही का जवाईबापू जाऊन राहिले म्हणून?"

मी पांघरूण डोक्यावरून ओढलं. तिला उत्तर लागतही नव्हतं.

सुपरवायजरच्या टेम्पोतून आम्ही सगळे बायकापोरांसकट पारशिवनीला गेलो. डबे, सतरंज्या, पाण्याची सुरई. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात हेलिकॉप्टर उभं होतं, नुसतं काचेचं डोकं आणि मागे सांगाडा, दोन्ही अंगांना औषधाच्या टाक्या. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू आलं असतं. मी साडूकडे पाहत होतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. पायलटने त्याला हात केला. हा दोन पावलं गेला, थांबला, वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला,

"साडूभाऊ, तुम्ही जा."

"मी काहून? लीडर तुम्ही."

"तुमचं मन आहे त्याच्यात. मले काय, मी इथून पाहीन." आणि त्याने माझा हात धरून मला पुढे केलं.

सार्जंटनी मान डोलावली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, अर्थात त्याच्यासाठी. नको म्हणून फिरावं असं वाटलं, मनापासून वाटलं. जन्मभराची इच्छा या माणसाने भज्यासारखी माझ्या ताटात टाकली होती आणि तीही माझ्या मुलांदेखत. पण मी गेलो. कोण नाही जाणार?

आवाजाने छाती हलत होती. जमीन सुटली ते कळलंच नाही. मी खाली पाहिलं तर तो पांढरा शर्ट. माझा मुलगा त्याच्या खांद्यावर चढला होता. माझी बायको आणि मेव्हणी त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून पदर सावरत हसत होत्या. सार्जंट त्याच्या कानाशी लागून काही सांगत होते, तो मान मागे टाकून वर बघत होता, आणि त्याचा चेहरा इतका आनंदी होता की मला सहन होईना. पायलटने हात लांब करून काही दाखवलं, डोंगर असेल, पेंचचं पाणी असेल. मी त्या दिशेला मान हलवली आणि पुन्हा खाली पाहिलं. आम्ही वळलो तसा मी काचेला गाल लावून त्याला शोधत राहिलो. मी आभाळात होतो आणि जमिनीवरच्या माणसावर जळत होतो.

आम्ही उतरलो. सगळ्यांनी गराडा घातला. मुलगा म्हणाला, "बाबा, वरून कसं दिसते? शेतं कशी दिसते? आपला टेम्पो दिसला?"

मी म्हटलं, "मस्त दिसते."

"अजून?"

"मस्तच."

परतताना टेम्पोत पोरांनी माझा नाद सोडला आणि साडूला घेरलं. "मावसाजी, तुम्ही सांगा." आणि तो सांगू लागला. हेलिकॉप्टर उठलं तेव्हा कपाशी कशी आडवी झाली, पाठीमागचा बगळ्यांचा थवा कसा उधळला, आंब्याच्या शेंड्याला चाटून ते कसं गेलं, वळताना एका अंगावर कलून काच कशी चमकली, आणि तुझ्या बाबाने एकदाही आधाराचा दांडा घट्ट धरला नाही, कसा वाकून वाकून सगळं पाहत होता. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. बायकोही ऐकत होती. मी टेम्पोच्या फळीला टेकून डोळे मिटले होते, झोपल्यासारखे. पण मीही ऐकत होतो, एक शब्द सुटू देत नव्हतो, कारण माझं उड्डाण कसं झालं ते मला त्याच्याकडूनच कळत होतं.