पसाभर ज्वारीचं लेकरू

कासाबाईला हळू बोलता येत नव्हतं. एखाद्या नाटक कंपनीत असती, तर त्या आवाजावर तिनं मागच्या रांगेतल्या झोपाळू प्रेक्षकाला दचकवून उठवलं असतं. पण नशिबी मेंढरं आली. झरीच्या शिवारात तिनं चुकार मेंढीला हाक मारली की सडकेवरच्या मोटारीचा ड्रायव्हर आपल्यालाच थांबवलं समजून ब्रेक दाबायचा.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. खतासाठी किशनरावांच्या रानात मेंढरं बसवली होती. कासाबाई, तिचा नवरा धोंडीबा आणि दीड वर्षाचा येडबा यांचं बिऱ्हाडही तिथंच होतं. येडबाच्या आधीची दोन लेकरं कासाबाईनं मातीत ठेवली होती. आता येडबालाही ताप भरला, छातीचा भाता झाला, तोंडात दूध ठरेना. तिनं त्याला पदरात गुंडाळलं आणि तडक झरीतला मिशनचा दवाखाना गाठला.

दवाखाना म्हणजे भाड्याच्या घराची ओसरी, आणि डॉक्टर, नर्स, मालक सगळं मिळून एकटी मिसबाई. मूळची स्कॉटलंडची, उंच, उन्हानं नाक कायम लाल. मराठी ती पुण्याच्या एका शास्त्रीबुवांकडून शिकलेली, त्यामुळे तोंड उघडलं की पोथी सोडल्यासारखं वाटे. तिची ख्याती मात्र दुसऱ्याच गोष्टीची होती. मिसबाई खोटं बोलत नसे. किशनरावांनी घरचं लोणचं पाठवून "कसं झालं?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "अतिशय खारट." किशनरावांच्या घरची बायामाणसं महिनाभर दवाखान्याच्या वाटेला गेली नाहीत.

तिनं येडबाची छाती तपासली. "यास न्यूमोनिया झाला आहे. याने येथेच राहावे. मी सुया देईन. आशा आहे, परंतु खात्री देऊ शकत नाही."

कासाबाईनं खात्री नाही एवढंच ऐकलं. ती उठली, दवाखान्याच्या सैपाकघरातून सूप आणलं, त्यात येडबाला निजवलं आणि सूप मिसबाईच्या पायाशी ठेवलं.

"घ्या इकत."

"काय?"

"लेकरू. पसाभर ज्वारी टाका मह्या पदरात."

मिसबाई दोन पावलं मागं सरली. "मनुष्याची विक्री पाप आहे!"

"औ, खरी इक्री न्हाई हो! सटवाईला फसवायचंय. दोन लेकरं नेलीत तिनं, मह्या घरची वाट पाठ झालीय तिला. ह्यो दुसऱ्याचा हाय म्हनलं की जाईल मुकाट."

"म्हणजे हे खोटे आहे?"

"व्हय, लटकं!"

"मी खोटे बोलत नाही."

सैपाकीण बायनाबाई मूळची पालमकडची. मिशनमध्ये येऊन तिला कितीतरी वर्षं झाली होती, पण माहेरच्या गोष्टी विसरल्या नव्हत्या. ती पिठाचे हात झाडत बाहेर आली. "खरं म्हनलं तर पाप, लटकं म्हनलं तरी पाप. तोवर लेकरू जाईल, मंग बसा दोघी पुण्य निवडत!" आणि तिनं मडक्यातली पसाभर ज्वारी कासाबाईच्या ओटीत ओतली.

मिसबाईनं सुपाकडं पाहिलं. येडबाच्या नाकपुड्या माशाच्या कल्ल्यासारख्या उडत होत्या. तिनं त्याला उचललं. "मी यास सांभाळीन. एवढे मात्र खरे आहे."

आता रीत अशी, की विकणारीनं मागं वळून बघायचं नाही, लेकराला शिवायचं नाही, आणि कुणी विचारलं तर घेणारीनं 'माझं' म्हणायचं. कासाबाईनं धोंडीबाला मेंढरांकडं लावून दिलं आणि स्वतः समोरच्या लिंबाखाली पथारी टाकली. पण जीव राहतोय का? लेकराची आई म्हणून आत जाता येत नाही, तर ती रोगी म्हणून जाऊ लागली. सकाळी रांगेत बसायची आणि पोट दुखतंय म्हणायची. नजर सगळी आतल्या खाटेवर. मिसबाईनं इमानदारीनं एरंडेल पाजलं. त्या दिवशी लिंबाखाली कासाबाई फारशी दिसली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं पोट सोडलं आणि गुडघा धरला.

झरीला तेवढाच तमाशा. जो येईल तो विचारी, "मिसबाई, लेकरू कुनाचं?"

मिसबाईनं विचार करून खोटंही होणार नाही आणि रीतही मोडणार नाही असं उत्तर काढलं. "हे देवाचे लेकरू आहे."

रांगेतून कासाबाईची किंकाळी उठली. "देवाचं नगा म्हनू, माय! देवाला याद करून देता का?"

"मग काय म्हणावे?"

"मह्यं म्हना!"

"परंतु ते तुझे आहे."

"मह्यं कुठं राहिलं? इकलंय की!"

"म्हणजे विक्री खरी आहे?"

दाढ दुखते म्हणून आलेला आश्रुबा गाल धरून हसत सुटला. दुखणं विसरून, औषध न घेताच घरी गेला.

पण दुपारी ओसरीवरचं हसू वाळलं. येडबाचे ओठ निळे पडले. मिसबाईनं सगळे रोगी परत पाठवले, सुई दिली आणि त्याला खांद्याशी उभा धरून येरझारा घालू लागली. कासाबाई दाराच्या चौकटीला चिकटून उभी. गुडघ्याचं सोंग गळून पडलं होतं.

आणि नेमका याच प्रवेशाला पोलीस ठाण्याचा भुजंग जमादार आला. डोक्यावर नव्या राज्याची टोपी, तोंडात जुन्या राज्याची भाषा.

"शिकायत आलीय. मडमनं लेकरू खरीद केलं म्हन. सच हाय?"

"होय," मिसबाई चालता चालता म्हणाली. "पसाभर ज्वारीस."

जमादाराच्या आजवरच्या नोकरीत इतक्या झटक्यात कुणी कबूल झालं नव्हतं. तो गडबडला. "मंग... परभनीला यावं लागंल, साहेबाम्होरं. याची माय कोन हाय?"

कासाबाई पेचात पडली. 'मी' म्हणावं, तर सटवाईच्या कानावर जाणार. गप बसावं, तर मिसबाईला परभणीला नेणार, आणि मग सुई कोण देणार? तिनं जमादाराकडं टक लावून पाहिलं. मिशीच्या वर, डाव्या नाकपुडीला, एक जुनं बुजलेलं भोक होतं.

"जमादारसाब, तुमचं नाक कामून टोचलंय?"

जमादाराचा हात नाकावर गेला. "ते... लहानपनी..."

"पोरीवानी नथ घातली व्हती ना, जगावं म्हनून? कितीला गेला व्हता तुमी?"

"मावशीला दिलं व्हतं," जमादार जमिनीकडं बघत म्हणाला. "चिपटंभर बाजरीत."

"महाग गेलात की!" बायनाबाई म्हणाली.

जमादारानं टोपी नीट केली, छाती काढली आणि सटवाई वेशीत असली तरी तिला ऐकू जावं अशा आवाजात विचारलं, "मिसबाई, सरकार इचारायलंय! लेकरू कुनाचं?"

मिसबाई थांबली. येडबानं तिच्या बाहीचं कापड मुठीत घट्ट धरलं होतं. त्या मुठीकडं ती बघतच राहिली. शास्त्रीबुवांची पोथी बहुधा त्याच क्षणी हातातून निसटली.

"माझं आहे," ती म्हणाली. "जा आता. झोपू दे त्याला."

"माय तर इथं हाय. मंग तुमी कोन?" जमादार कासाबाईकडं वळला.

"कुनी न्हाई. गुडघा दुखतोय मव्हा," कासाबाई म्हणाली. जन्मात पहिल्यांदा इतकं हळू, की जमादाराला कान पुढं करून दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

सुईनं काम केलं की सटवाई वाट चुकली, यावर झरीत पुढं कितीतरी वर्षं दोन पक्ष होते. येडबाला घाम फुटला, ताप उतरला, आणि काही दिवसांनी तो बायनाबाईच्या भाकरीवर हात मारू लागला.

कासाबाई पसाभर ज्वारी घेऊन लेकरू परत न्यायला आली. मिसबाईनं येडबाला कडेवरून उतरवलं नाही.

"पसाभर?" ती म्हणाली. "तेव्हा हा फुंकरीने उडेल असा होता. आता वजन पाहा."

"अगं माय माय! मडम भाव करायलीय!"

खूप घासाघीस झाली. शेवटी ज्वारी, वर एक घोंगडी, आणि दर साली मेंढरं झरीला आली की येडबाला आणून दाखवायचं, यावर सौदा पटला. मिसबाईनं त्याला स्वतःच्या हातानं सुपात ठेवलं आणि ती भिंतीकडं तोंड करून बाटल्या पुसू लागली.

"रडायल्या का, बाई?" बायनाबाईनं विचारलं.

मिसबाईला खोटं बोलता येत नव्हतं. "होय," ती म्हणाली.

कासाबाईनं तो सौदा पाळला, पण सटवाईला कळू नये म्हणून पहिली विक्री मोडल्याचं कुठं बोलली नाही. येडबा मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला, तरी सेलूच्या बाजारात कुणी "पोरगं कुनाचं?" म्हणून विचारलं, की कापसाच्या गाड्यांचे बैल बुजतील अशा आवाजात ती सांगायची, "मिसबाईचं! लोकाची शेळी सांभाळतेत ना बटईनं, अर्ध्या वाट्यावर? तसं मी सांभाळायलेय!"