तुकईथडच्या हरणांसाठी कुत्रा

हरणांसाठी कुत्रा कसा निवडावा, या विषयावर मला सासुरवाडीत बोलायला बंदी आहे.

मी बुऱ्हाणपुरात भूगोल शिकवतो. सासरे, म्हणजे माझे मामा, तुकईथडला शेती करतात. त्या हिवाळ्यात हरणांचा कळप रोज पहाटे येऊन त्यांच्या हरभऱ्याचे कोवळे शेंडे फस्त करत होता. "यंदाचा गेला तं हरभरा पेरनंच बंद," मामांनी जाहीर केलं. हरणाला मारणं गुन्हा, पण हाकलायला कोणाची ना आहे? मला एकदम स्फुरण चढलं. "मामा, कुत्र्याचं माझ्याकडे लागलं!"

मग मोबाईलवर कुत्र्यांच्या जातीच जाती! लांब पाय, खोल छाती, खपाटीला गेलेलं पोट. वर्गात नद्या शिकवतानाही मला धावणारे कुत्रेच दिसायला लागले. बायको म्हणाली, "तुम्हाला ओट्यावरून मांजर हाकलता येत नाही." मी लक्ष दिलं नाही.

खकनारला एकाकडे अगदी तसे कुत्रे मिळाले. त्याने विचारलं, "सरजी, रोज के लिए चाहिए ना?"

"हां, रोज के लिए ही," मी ठणकावलं. "संडे को भी."

तो जरा चमकला. "संडे को भी दौड़ेगा, साब."

कुत्र्याचं नाव बादल. दुसऱ्या पहाटे अख्खं सासर बांधावर जमलं. "जात महत्त्वाची असते," मी सगळ्यांना समजावत होतो, तेवढ्यात हरणं आली. मी साखळी सोडली. "छू!"

बादलने हरणांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जांभई दिली.

"पाव्हणे, याले दिसतं ना?" मामांनी काळजीने विचारलं.

"अंदाज घेतोय," मी म्हणालो.

इतक्यात बांधाच्या टोकाला बांधलेली मामांची राखाडी कालवड उठून उभी राहिली. बादलचे कान ताठ झाले आणि तो सुटला! कालवडीने दावं तोडलं आणि थेट हरभऱ्यात घुसली. तिच्यामागे बादल, बादलमागे टॉवेल फिरवत बोंबलणारा मी आणि माझ्यामागे सासूबाई. (सासूबाई माझ्या पुढे निघून गेल्या. केळीच्या बागेत कालवड त्यांनीच पकडली.)

मी तिथूनच खकनारला फोन लावला आणि त्या माणसाला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "सरजी, रोज का कुत्ता है. हिरन को काहे देखेगा?"

फोन स्पीकरवर होता. बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, रोज म्हणजे नीलगाय. तुम्हाला काय वाटलं?"

"दररोज," मी म्हणालो.

राखाडी कालवड पाहून बादलला नीलगाय वाटली, यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी मान खाली घालून उभा राहिलो. मामा मात्र शेताकडे पाहत होते. हरभऱ्यात एकही हरीण नव्हतं. बादलला अजिबात न भ्यालेला तो कळप माझी बोंब ऐकून पार नाल्यापलीकडे पळाला होता.

हरभरा वाचला. मामा दर वर्षी पेरतात आणि त्या दिवसांत मला आग्रहाने मुक्कामाला बोलावतात. परवा पहाटे मी शेताला फेरा मारून परत येत होतो. शेजारच्या शेतकऱ्याने मामांना विचारलं, "कोनत्या जातीचं कुत्रं आनेल आहे तुमी?"

"कुत्रं झोपेल ऱ्हातं," मामा म्हणाले. "आमी जवाई सोडतो."

मला खुलासा करायचा होता, पण जीभ बाहेर आली होती.