गाठीभोवतीची माणसं

कापूस वेचताना ओटीचं फडकं छातीवरून आडवं बांधतात. ते एका जागी टोचायला लागलं म्हणून हात लावून पाहिला. डाव्या बाजूला कडक गाठ होती. दुखत नव्हती. दुखली असती तर बरं झालं असतं. दुखल्याशिवाय बाईकडे कोणी पाहत नाही.

घरी नणंदेला सांगितलं. ती माझ्याहून मोठी, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच. माझी सगळी बाळंतपणं तिनंच केली. बाई वाईट नाही. हे आधीच लिहून ठेवते.

"गाठीले लोखंड लागू द्याचं नाही," ती म्हणाली. "सुई टोचली का चवताळते अन् अंगभर पांगते."

आमच्याकडे लहानथोर सगळे हेच मानतात. तिनं एरंडाचं पान तव्यावर गरम केलं, तेल लावून बांधलं. रोज बांधायची. मुलगा म्हणाला, आत्या सांगते तसं कर, वेचणी उरकू दे. सून म्हणाली, पोरीची सोयरीक जमेपर्यंत बाहेर बोलू नका. सगळ्यांना माझी काळजी होती. काळजीनंच मला कोंडून ठेवलं.

आशाताई बायकांची तपासणी करायला घरोघर फिरत होती. आमच्या अंगणात आली.

"वयनी वावरात गेली," नणंद म्हणाली.

मी चुलीपुढे होते. "बाई, मी घरीच हाय ना," मी आतून म्हटलं.

नणंद आत आली. "पोलकं काढून दाखवशीन तिले? उद्या साऱ्या गावाले माहीत होईन." मी उठून दारात आले तोवर आशाताई गल्लीच्या टोकाला वळली होती.

उन्हाळ्यात काखेत दुसरी गाठ आली. तेव्हा मुलगा यवतमाळला घेऊन गेला. तिथं सुई टोचली, फोटो काढले, रोग फुप्फुसापर्यंत गेल्याचं सांगितलं. डॉक्टरीण माझ्या नातीएवढी. तिला विचारलं, "आम्ही तर सुई लावलीच नव्हती. मग कशी पांगली?"

सुईनं पांगत नाही, ती म्हणाली. मग तिनं नीट समजावलं. गाठ एकटी नसते. तिच्या भोवती आपल्याच शरीरातल्या पेशी असतात. जखम भरणं हे त्यांचं काम. गाठ त्यांना आपल्या बाजूला वळवते. मग त्या गाठीभोवती जाड भिंत उभी करतात. रोगाशी लढणाऱ्या पेशी येतात आणि भिंतीबाहेर अडकतात. ज्या आत शिरतात त्या सुस्त पडतात, काही तर गाठीचंच काम करायला लागतात. वर याच भोवतालच्या पेशी गाठीला रक्तापर्यंत वाट करून देतात.

"म्हणजे घरचेच," मी म्हटलं.

"घरच्याच, आजी. त्यांना वाटतं आपण जखम भरतोय."

नणंद डबा मांडीवर घेऊन बाजूलाच बसली होती. तिला कमी ऐकू येतं. "काय म्हणते थे?"

"तुमच्याबद्दलच बोलून राह्यली."

"मी सेवा करतो ते समजलं अशीन तिले," नणंद म्हणाली. खूश झाली.

आता डोस चालू आहेत. रोग जाणार नाही, अडवून धरता येईल, तेही डोस चुकला नाही तरच, असं डॉक्टरणीनं स्पष्ट सांगितलं आहे. मागचा चुकला. मला रात्री उलट्या झाल्या होत्या, सकाळी डोळा लागला. आशाताई न्यायला आली तर नणंदेनं अंगणातूनच परत पाठवलं. झोपू द्या तिले, म्हणाली. मला कोणी उठवलं नाही.

या वेळी मी पहाटेच पिशवी भरून दाराशी बसले. आशाताईचा आवाज आला तशी नणंद दारात आडवी उभी राहिली.

"आज राहू दे वयनी. अंगात जीव नाही तुह्या."

"म्हणूनच चालली. सरका बाई."

ती सरकली नाही. खांद्यानं लोटून बाहेर पडले. ती भिंतीला टेकून रडायला लागली. मी वळून पाहिलं नाही.

आशाताईसोबत दिग्रसहून यवतमाळची बस धरली. दारव्ह्याच्या पुढे पाण्याची बाटली काढायला पिशवीत हात घातला, तर खाली फडक्यात गुंडाळलेलं एरंडाचं पान. ताजं, तेल लावलेलं. मी दाराशी बसले असताना तिनं कधी घातलं, कळलं नाही.

पान मी फेकून दिलं. हाताचा तेलकट वास दवाखान्यात सुई लागेपर्यंत गेला नाही.